विज्ञानकथेत भीती उभी करताय? या चुका टाळा

दिवाळी अंकांच्या मुदती जवळ आल्या की नवीन मुलं माझ्याकडे विज्ञानकथा वाचायला पाठवतात, आणि बहुतेक कथांत पहिल्याच पानावर मुंबई बेचिराख झालेली असते.

हीच सगळ्यात मोठी चूक, संकट पहिल्या पानावर उघडं करून टाकणं. विक्रोळीच्या एका मुलाची कथा होती. पवई तलावावर परग्रहाचं यान, तिसऱ्या ओळीत टॉवर कोसळले, पाचव्या ओळीत लाखो मेले. वाचून मला काहीच वाटलं नाही. त्याला म्हटलं, अरे आधी इंग्रज लेखक एच. जी. वेल्सची 1898 सालची कादंबरी 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' नीट वाच, घाई करू नकोस.

त्यात मंगळावरून आलेला सिलिंडर इंग्लंडमधल्या वोकिंग गावाजवळच्या माळावर पडलाय आणि पहाटे ओगिल्व्ही नावाचा खगोलशास्त्रज्ञ तिथे एकटाच उभा आहे. वरची राख गळते, त्याला वाटतं गार होतंय म्हणून असेल. मग त्याच्या लक्षात येतं की पाच मिनिटांपूर्वी आपल्या बाजूला असलेला काळा डाग आता पार पलीकडे गेलाय, म्हणजे झाकण फिरतंय, आतून कुणीतरी ते उघडतंय! एक डाग सरकला बस, आणि माझ्या अंगावर दरवेळी काटा येतो. पुढे तर आणखी भारी, तो बिचारा सांगायला धावतो तर गाडीवान न थांबता पुढे निघून जातो आणि दारूच्या गुत्त्यावरचा पोऱ्या त्याला वेडा समजून आत कोंडायला बघतो.

पोराला विचारलं, पहाटे साडेपाचला पवईला कोण असतं? म्हणाला, वॉकवाले, वॉचमन, आणि पाण्यात मगरी. मग तिथून लिही ना! महिन्याभराने नवीन खर्डा आला, त्यात एक आजोबा घाबरून वॉचमनला सांगतात की पाण्यातून वाफा येतायत, आणि तो खुर्चीतून न उठता म्हणतो, "शूटिंग असेल साहेब." तिथे मी खरंच घाबरलो.

जागा न बघता लिहू नका. वेल्स तेव्हा वोकिंगलाच राहायचा, सायकलवर फिरून कुठली ठिकाणं उद्ध्वस्त करायची ते हेरायचा. मी पण आधी जागेवर दोनदा चालून येतो, गुगल मॅपवर भागत नाही.

'भयानक', 'अकल्पनीय' हे शब्द काढून टाका.

शास्त्रज्ञ पात्राकडून शस्त्राचं लेक्चर नको. वेल्सचा निवेदक मंगळवासीयांचं शस्त्र, म्हणजे उष्णकिरण, पहिल्यांदा बघतो तेव्हा त्याला काय चाललंय ते कळतच नाही, पांढरं निशाण घेऊन गेलेली माणसं एकेक करून पेटतात आणि हा नुसता बघत उभा. समजण्याआधी दिसलं पाहिजे, उलटं केलंत की भीती गेली.

आणि शेवट आभाळातून पाडू नका. मंगळवासी शेवटी जंतूंनी मरतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात सूक्ष्मदर्शकाखालचा पाण्याचा थेंब आणि त्यात वळवळणारे जीव आहेत हे किती जणांनी बघितलंय? मी शेवट लिहून झाला की पहिलं पान परत काढतो आणि त्यात आपला थेंब कुठे आहे ते शोधतो, नसेल तर कथा पाठवत नाही, मुदत गेली तरी चालेल.