बायॉलॉजी घेतली, आता पुढे काय?

'नीट' हुकली म्हणून बीएस्सीला आलेली मुलं पहिलं वर्ष बहुधा रुसण्यात घालवतात. तिथेच गणित चुकतं, कारण हात बसायला तीन वर्षंही कमीच पडतात.

नवी मुंबईतल्या दिघा-रबाळे-महापे पट्ट्यातल्या औषध किंवा खाद्य कंपनीत मायक्रोबायॉलॉजीवाल्याला पहिली नोकरी बहुतेक क्यूसीची, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्याची. मुलाखतीत विचारतात ते साधंच. उदाहरणार्थ, 10,000 पट डायल्यूट केलेल्या नमुन्यातले 0.1 मिली प्लेटवर पसरले, 62 कॉलनी (जंतूंचे ठिपके) आल्या. मूळ नमुन्यात मिलीला किती? उत्तर 62 लाख. 6.2 लाख सांगणारा 0.1 मिली विसरलेला असतो. डायल्यूट करताना दर पायरीला 1 मिली नमुना 9 मिली सलाइनमध्ये घालायचा आणि पिपेटची टिप बदलायची. जुनी टिप वापरली की आधीचे जंतू पुढच्या नळीत जातात नि आकडा फुगतो. साधारण 30 ते 300 कॉलनींचीच प्लेट मोजायची.

दुसरा हमखास प्रश्न ग्रॅम स्टेनिंगचा, म्हणजे जंतू रंगवून त्यांचे दोन गट ओळखण्याचा: ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे, ग्रॅम निगेटिव्ह गुलाबी. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल, शेवटी सॅफ्रॅनिन. सगळी गोम अल्कोहोलमध्ये आहे. 10-20 सेकंदांत पाण्याने धुतलं नाही तर ग्रॅम पॉझिटिव्हही गुलाबी दिसतात. कल्चर 24 तासांहून जुनं असलं तरी तेच, कारण पेशीभित्तिका कमकुवत झालेली असते. दुसऱ्याचं जर्नल उतरवणाऱ्यांची दांडी इथे उडते.

ऐरोलीच्या आयटी पार्कात फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद), मेडिकल कोडिंगही (आजार-उपचारांना ठरलेले कोड देणं) आहे. बसून काम, इंग्रजी मात्र पक्कं हवं.

संशोधनाची ओढ असेल तर एमएस्सी आणि सीएसआयआर-नेट, म्हणजे संशोधनाची फेलोशिप आणि प्राध्यापकीसाठीची राष्ट्रीय परीक्षा. लाइफ सायन्सेसचा पेपर 200 गुणांचा, त्यातले 100 एकट्या सी भागाचे: 75 पैकी 25 प्रश्न, प्रत्येकी चार गुण, चुकलं की एक वजा. सगळे धडे वरवर वाचण्यापेक्षा पाच-सहा पक्के केलेले बरे. खारघरला 'ॲक्ट्रेक'सारखी कर्करोग संशोधन संस्था आहे. एमएस्सीचं प्रोजेक्ट अशा ठिकाणी मिळतं का, ते आधीच्याच सत्रात विचारायला लागा.

बॉटनी-झूलॉजीवाल्यांसाठी ठाणे खाडी आहेच. 2022 पासून ती रामसार स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पर्यावरण सल्लागारांच्या सर्वेक्षणात प्रजाती ओळखणारा माणूस लागतो. खारफुटीचंच बघा: चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली मुळं, पान खालून पांढुरकं, तर तिवर. खोडापासून कमानीसारखी खाली उतरणारी मुळं, तर कांदळ. निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघा. चिखलातले जीव ओहोटीलाच मोजता येतात.