छोटा अपराइट पियानो सुरात लावताना

सोलापुरात पियानो लावायचा दिवस हवा बघून ठरवावा. हवेत ओल वाढली की साउंडबोर्ड (तारांमागचा लाकडी फळा) फुगतो, त्यावरचा ब्रिज, म्हणजे तारांची घोडी, तारांना बाहेर रेटतो आणि स्वर चढतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तोच उतरतो. इथला पाऊस सप्टेंबरात भरात असतो, म्हणून दिवाळीनंतर हवा स्थिरावली की लावलेला पियानो जास्त टिकतो. नाताळाची गाणी बसवायची असतील तर नोव्हेंबरअखेर उत्तम. उन्हाळ्यात लावणं भागच असेल, तर आधी त्या खोलीतला कूलर हलवा. दिवसा ओल आणि रात्री कोरडं, असं रोज चालू राहिलं तर चांगल्यातलं चांगलं ट्यूनिंगही घसरतं.

तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या पिना फिरवायची लिव्हर दोन नंबरच्या तोंडाची घ्या. पक्कड किंवा साध्या पान्याने पिनेचे कोपरे झिजतात, मग लिव्हरही पकड घेत नाही. शिवाय नको त्या तारा गप्प ठेवायला फेल्टची लांब पट्टी, दोन-तीन रबरी पाचरी आणि हॅमरच्या (तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांच्या) दांड्यांमधून आत सरकवायचा चिमट्यासारखा म्यूट लागतो. पुढची फळी काढून जमिनीवर चादर अंथरून ठेवा, पॉलिश वाचतं.

तारा गंजल्या असतील तर प्रत्येक पिन आधी किंचित उतरवा. बारीक ‘टक्’ ऐकू आलं, म्हणजे गंजाची पकड सुटली. आता चढवा. थेट चढवायला गेलात तर तार तिथेच तुटते. एखादी पिन सैल असेल तर एक नंबर जाड पिन बसवता येते. सगळ्याच सैल असतील तर पिनब्लॉक (पिना ज्यात रोवलेल्या असतात ते लाकूड) तपासून घ्या, तोवर ट्यूनिंगला हात लावू नका.

मधल्या सीच्या वरचा ए ४४० हर्ट्झला ठेवा. पियानो ३० सेंटहून (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) जास्त उतरलेला असेल तर एकाच फेरीत काम होत नाही. एकेका तारेवर सरासरी ७०-८० किलोचा ताण असतो. पुढच्या तारा चढवाल तसा साउंडबोर्ड दबतो आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. म्हणून पहिली फेरी भरभर घ्या. मधल्या आणि वरच्या भागात जितकं उतरलंय त्याच्या पाव हिश्श्याने जास्त चढवा, खर्जात त्याहून कमी. नेमकं काम दुसऱ्या फेरीत.

मधल्या सप्तकात फेल्टची पट्टी ओवून प्रत्येक स्वराच्या तीन तारांपैकी मधली एकच मोकळी ठेवा. तानपुऱ्याचा स्वयंभू गंधार ऐकलेल्या कानाला इथे मोह होतो: सी-ई ही जोडी शुद्ध, निश्चल करावीशी वाटते. तसं केलंत तर बाकीच्या पट्ट्या बेसूर होतील. पियानोचा गंधार सुमारे १४ सेंट चढाच असतो. मधल्या सीच्या खालच्या एफ-ए जोडीत सेकंदाला साधारण ७ लहरी (आवाजाचे हेलकावे) ऐकू यायला हव्यात आणि एकेक पट्टी वर जाताना त्यांचा वेग हळूहळू वाढत जायला हवा. पंचम किंचित आखूड ठेवा, एफ-सीमध्ये पाच सेकंदांत जेमतेम तीन लहरी.

आता छोट्या पियानोची खरी अडचण. तारा आखूड, म्हणून त्या मानाने जाड आणि ताठ. त्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या अचूक पटीत न येता थोडे चढे येतात. त्यामुळे गिटारच्या अॅपवर सुई मध्यावर आणत खर्ज लावला तर मधल्या भागाशी तो जुळत नाही. सर्वांत वाईट जागा म्हणजे तांब्याचं वेष्टण असलेल्या तारा संपून साध्या तारा सुरू होतात ती. तिथे लहरींचा वेग एकदम उडी मारतो आणि तो पूर्ण सपाट होत नाही. मी तिथे सप्तकाला प्राधान्य देतो. उदाहरणार्थ ए-ए सप्तक लावताना खालच्या एच्याही खालचा एफ धरा. एफ-वरचा ए ही जोडी एफ-खालचा ए या जोडीपेक्षा जरा वेगाने लहरावी, पण ए-ए एकत्र वाजवल्यावर हेलकावा ऐकू येऊ नये. गंधार थोडे ओबडधोबड राहिले तरी चालतील.

टिकाऊपणा पिनेवर अवलंबून असतो. लिव्हर बारा ते एकच्या काट्याच्या दिशेला ठेवा, म्हणजे पिन वाकत नाही, नुसती फिरते. स्वर दोन-तीन सेंट वर न्या, पट्टी जोरात दोनदा वाजवा, मग हलक्या दाबाने खाली आणा आणि पुन्हा जोरात वाजवा. स्वर हलला तर पिन पिळलेलीच आहे, अजून बसलेली नाही. प्रेशर बारच्या (तारा दाबून धरणाऱ्या धातूच्या दांडीच्या) वरचा आणि खालचा ताण समान झाला तरच तार जागच्या जागी राहते.

शेवटी फेल्टची पट्टी काढून उरलेल्या तारा मधल्या तारेशी एकेक करून मिळवा. सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. सप्तक जरा इकडेतिकडे असलेला पियानो ऐकवतो, फुटलेल्या तिहेरी तारांचा नाही. वरच्या सप्तकात एकटीच तार लहरत असेल तर दोष दुसऱ्या तारांत शोधू नका. ब्रिजच्या पिनेपाशी ती तार लाकडी काडीने हलकेच ब्रिजकडे दाबून बघा. लहर थांबली तर तार नीट टेकलेली नव्हती. नाहीच थांबली, तर त्या तारेची सर्वांत शांत जागा शोधून बाकीच्या दोन तिच्याशी जुळवा.