अमेरिकेतील जोडीदाराचा व्हिसा: वाट पाहण्याच्या काळात या चुका टाळा

नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात मी सव्वीस वर्षे लिपिक म्हणून काम केले. निवृत्तीनंतर चोपडा, यावल, अमळनेर, शिरपूर या भागांतील ओळखीची कुटुंबे आपल्या लेकीसुनांच्या अमेरिकेच्या व्हिशाचे कागद घेऊन माझ्याकडे येऊ लागली. मी वकील नाही. कागद वाचणे आणि एका कागदाचा दुसऱ्याशी मेळ बसतो की नाही हे पाहणे एवढेच मला येते. तरीही गेल्या काही वर्षांत त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्या, आणि त्यांपायी नवराबायकोंची इतकी वर्षे वाया गेलेली पाहिली, की त्या एकदा सविस्तर लिहून काढणे मला आवश्यक वाटले.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागते, तो शब्द म्हणजे ‘वेव्हर’. आपल्याकडे हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली गोष्ट मुलाखतीतून सूट, जिला लोक ‘ड्रॉपबॉक्स’ म्हणतात. दुसरी गोष्ट अपात्रतेतून सूट: पूर्वीच्या एखाद्या दोषामुळे कायद्याने व्हिसा नाकारला गेला, तर आय-६०१ हा अर्ज करून ती मागावी लागते. तिसरी गोष्ट जे-१ या देवाणघेवाण कार्यक्रमांच्या व्हिशावर गेलेल्या काही जणांना लागू होणाऱ्या, दोन वर्षे मायदेशी राहण्याच्या अटीतून सूट. पती अमेरिकेचा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल आणि पत्नी कायमच्या वास्तव्यासाठी जाणार असेल, तर पहिल्या सुटीचा तिच्याशी काहीही संबंध नसतो, कारण त्या व्हिशासाठी मुलाखत द्यावीच लागते. पती एच-१बी या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिशावर असेल तर पत्नीचा एच-४ हा निराळा व्हिसा आहे, आणि २ सप्टेंबर २०२५ पासून त्यालाही ड्रॉपबॉक्सची सोय सर्वसाधारणपणे उरलेली नाही. ‘वेव्हर करून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर यांपैकी कोणता वेव्हर, हे त्याला प्रथम विचारावे. उत्तर चाचरत आले तर तिथून उठावे.

प्रतीक्षा टाळण्यासाठी पर्यटक व्हिसा, आणि त्यात खोटी माहिती

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, कारण ती माझ्या घरात घडली आहे.

माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचे लग्न न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाशी झाले. मुलगा अमेरिकेचा नागरिक, त्यामुळे त्याने पत्नीसाठी आय-१३० ही याचिका रीतसर दाखल केली. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक संख्येची मर्यादा लागू होत नाही हे खरे असले, तरी याचिका मंजूर होणे, मग नॅशनल व्हिसा सेंटरने कागद तपासणे आणि त्यानंतर मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळणे, या प्रत्येक टप्प्याची रांग वेगळी असते, आणि नुसत्या पहिल्या टप्प्यालाच अनेकदा वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ जातो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मुलगी माहेरी आली, की गल्लीतली प्रत्येक बाई विचारी, “कव्हय जाशी व माय?” दुसऱ्या आखाजीलाही तोच प्रश्न आला, तेव्हा घरच्यांचा धीर सुटला. एका एजंटाने सांगितले की तोवर पर्यटक व्हिशावर सहा महिने जाऊन येता येईल. त्यानेच डीएस-१६० हा अर्ज भरला.

त्या अर्जात एक प्रश्न असतो: आपल्यासाठी कोणी स्थलांतराची याचिका दाखल केली आहे काय? एजंटाने उत्तर ‘नाही’ असे दिले आणि वैवाहिक स्थिती ‘अविवाहित’ लिहिली. मुलीने विचारले तेव्हा, हो लिहिले तर व्हिसा देत नाहीत, असे सांगून त्याने तिला गप्प केले. पर्यटक व्हिसा तरीही नाकारला गेला, आणि घरच्यांना वाटले की अर्जाची फी गेली, एवढेच नुकसान झाले. खरे नुकसान दीड वर्षाने कळले. कायमच्या व्हिशाच्या मुलाखतीत अधिकाऱ्याच्या समोर जुना अर्ज होता. लग्नाची तारीख आधीची आणि अर्जात अविवाहित, याचिका आधीची आणि उत्तर नाही. खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवण्याचा प्रयत्न केला, हा ठपका आला. हा ठपका तीन वा दहा वर्षांनी पुसला जात नाही. तो आयुष्यभर राहतो आणि त्यातून सुटण्याचा मार्ग म्हणजे आय-६०१. जी मुलगी त्या दिवशी पासपोर्ट जमा करून परत यायची, ती हातात नकाराचा कागद घेऊन भुसावळच्या गाडीत बसली. पुढची जवळजवळ दोन वर्षे त्या एका शब्दाची भरपाई करण्यात गेली.

अर्ज एजंटाने भरला ही सबब तिथे चालत नाही. शेवटचे बटण दाबणे म्हणजे अर्जदाराची सही, आणि अर्जातील प्रत्येक ओळ तिचीच मानली जाते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी शंभर पानी वही घ्यायला लावतो. आजवर कोणत्याही देशाच्या व्हिशासाठी केलेला प्रत्येक अर्ज, त्याची तारीख, त्यातील उत्तरे आणि निकाल त्या वहीत तिच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेला असला पाहिजे. सादर केलेल्या अर्जाची प्रत एजंट देत नसेल, तर त्याच्याकडे काम देऊ नये. चूक आधीच होऊन गेली असेल, तर अधिकाऱ्याने पकडण्याची वाट न पाहता पहिल्याच संधीला स्वतःहून सांगून ती दुरुस्त करावी; वेळेवर आणि आपणहून केलेल्या दुरुस्तीला त्या व्यवस्थेत खरोखर किंमत आहे, पकडले गेल्यावरच्या कबुलीला ती नाही. याचिका प्रलंबित असताना पर्यटक व्हिसा मागणे हा गुन्हा नाही, मात्र परत येण्याचा हेतू सिद्ध करणे तेव्हा फार अवघड होते. मला विचाराल तर मी त्या वाटेने कोणालाही पाठवणार नाही.

आय-६०१ मध्ये दुःख चुकीच्या माणसाचे लिहिणे

वरील मुलीच्या अर्जासोबत जोडण्यासाठी घरच्यांनी आधी जे पत्र तयार केले, ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आले. तरीही ते पत्र निरुपयोगी होते. त्यात मुलगी कशी झुरते आहे, तिच्या आईने अंथरूण कसे धरले आहे, समाजात काय बोलले जाते, हे सर्व होते. कायदा मात्र अर्जदाराचे हाल मोजत नाही. खोट्या माहितीच्या ठपक्यासाठी, आणि बेकायदा वास्तव्याच्या ठपक्यासाठीही, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला वा पालकाला ‘अतीव हालअपेष्टा’ सोसाव्या लागतील, हे दाखवावे लागते. नुसता विरह त्यासाठी पुरत नाही, कारण ताटातूट झालेल्या प्रत्येक जोडप्याला तो असतोच.

आम्ही ते पत्र बाजूला ठेवले आणि एका इमिग्रेशन वकिलाच्या सांगण्यावरून न्यू जर्सीतील मुलाच्या आयुष्याचे कागद गोळा केले. त्याच्या उपचारांच्या नोंदी, डॉक्टरांचे पत्र, घराचे कर्ज, दोन घरांचा खर्च चालवताना पडलेली तूट, त्याच्यावर अवलंबून असलेली वृद्ध आई. पत्नी आली नाही तर त्याचे काय होईल, आणि तो सर्व सोडून जळगाव जिल्ह्यात राहायला आला तर त्याचे काय होईल, या दोन्ही बाजू वेगळ्या मांडल्या. प्रत्येक वाक्यामागे एक कागद ठेवला. या कामात वकिलाच्या फीची काटकसर करू नये असे माझे ठाम मत आहे. बाकी अर्ज नीट वाचणारा माणूस स्वतः भरू शकतो, हा अर्ज मात्र नाही.

नाव आणि जन्मतारीख यांचा मेळ नसणे

माझी नोकरीच या नोंदींत गेली, त्यामुळे इथे थोडे विस्ताराने लिहितो. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या रजिस्टरात असते. मुलगी वाढली शहाद्यात, पण जन्मली पारोळ्याच्या दवाखान्यात, आणि घरचे शहाद्याला दाखला शोधत राहतात. नोंद सापडली तरी अनेकदा बाळाच्या नावाचा रकाना कोरा असतो, कारण नाव बारशाला ठरले आणि कळवायला कोणी परत आलेच नाही. नाव नंतर नोंदवता येते, पण जितका उशीर तितके कष्ट. नोंदच नसेल, तर अनुपलब्धतेचा दाखला घ्यावा आणि सोबत शाळेचे कागद व जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत.

मग शाळा. प्रवेशाच्या वेळी गुरुजींनी सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख लिहिलेली असते, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून पासपोर्ट निघतो, आणि जन्म दाखल्यावर तारीख असते भलतीच. आडनावाचेही तसेच: कुठे पाटील, कुठे मूळ आडनाव पवार किंवा सोनवणे. वडिलांचे नाव एका कागदावर नुसते, दुसऱ्यावर ‘भाऊ’ लावून. यांवर कडी म्हणजे लग्नात मुलीचे पहिले नावही बदलण्याची काही घरांतील चाल. ताटातल्या तांदळात अंगठीने नवे नाव लिहिणे हा मंगल सोहळा आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे. परंतु तेच नाव ग्रामपंचायतीच्या विवाह नोंदणीत घातले, पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा राहिला, की कागदोपत्री त्या दोन वेगळ्या स्त्रिया होतात. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. माझा सल्ला नेहमी एकच असतो: माहेरचे नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच सर्वत्र ठेवावे, आणि बदल झालाच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून त्याची प्रत प्रत्येक ठिकाणी जोडावी. हे सर्व याचिका दाखल करण्यापूर्वी करावे. मुलाखतीच्या पत्रानंतर धावपळ करणारे पालक पाहिले की मला राग येतो, कारण त्याआधीचे सगळे वर्ष त्यांनी नुसती वाट पाहण्यात घालवलेले असते.

लग्नाची तारीख म्हणून नोंदणीची तारीख लिहू नये. दाखल्यावर दोन्ही असतात. मराठी कागदांचे इंग्रजी भाषांतर जोडताना भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर अचूक आहे, असे सहीनिशी लिहून दिलेले असावे.

अमेरिकेतून मध्येच गावी येणे

काही मुली पूर्वीच्या व्हिशावर आधीच तिथे असतात आणि आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरील मुदत संपून गेलेली असते. एकशे ऐंशी दिवसांहून अधिक पण वर्षाच्या आत बेकायदा वास्तव्य झाले, तर देश सोडताच तीन वर्षांची बंदी लागते; वर्ष किंवा अधिक झाले तर दहा वर्षांची. बंदी देश सोडल्याने लागू होते, हे लोकांना माहीत नसते. रीतसर व्हिशावर प्रवेश केलेली आणि नागरिकाशी लग्न झालेली स्त्री अनेकदा देश न सोडता तिथेच ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकते. असे असताना केवळ गावी विधिवत लग्न लावायचे म्हणून विमानात बसलेली एक मुलगी मला माहीत आहे. ज्यांना बाहेर येऊनच व्हिसा घ्यावा लागणार असतो, त्यांच्यासाठी २०१३ पासून आय-६०१ए ही तात्पुरती सूट आहे, पण तिचा अर्ज अमेरिकेत असतानाच करायचा असतो. मंजुरीचे पत्र हातात येईपर्यंत तिकीट काढू नये, मग घरी कोणाचेही लग्न असो.

आणखी काही, थोडक्यात

ग्रीन कार्डधारक पती मधल्या काळात नागरिक झाला, तर ते ताबडतोब कळवावे. वार्षिक संख्येच्या मर्यादेमुळे लागलेली पत्नीची रांग मग संपते. मात्र आधी तिच्याच याचिकेवर येऊ शकणाऱ्या मुलांसाठी मग स्वतंत्र आय-१३० लागतो, आणि ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

आय-८६४ या आर्थिक हमीपत्रासाठी पतीचे उत्पन्न शासकीय दारिद्र्यपातळीच्या १२५ टक्के असावे लागते. ते कमी पडत असेल तर अमेरिकेतील सहप्रायोजक शोधावा. रावेरच्या केळीच्या बागेचे सीएकडून मूल्यांकन करून आणण्यात पैसे घालवू नयेत. मुलीच्या वडिलांची जमीन ही प्रायोजकाची मिळकत नव्हे.

पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयामार्फतच घ्यावे. स्थानिक ठाण्याचा दाखला चालत नाही.

वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते, आणि लसीकरणाचे जुने कागद सोबत असले तर वेळ वाचतो.

एच-४ साठी जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की १५ डिसेंबर २०२५ पासून समाजमाध्यमांवरील खाती सार्वजनिक ठेवण्यास सांगितले जाते. अर्जात एक आणि फेसबुकवर दुसरे, असे काही असेल तर ते आधीच तपासावे.

मुलाखतीच्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात मोबाइल आत नेता येत नाही. आदल्या दिवशी मुंबईत पोहोचावे. पहाटेच्या गाडीवर विसंबून निघालेल्यांची तारीख हुकलेली मी पाहिली आहे. ‘२२१-जी’ असा कागद मिळाला तर रडत बाहेर पडू नये, कारण बहुतेक वेळा त्याचा अर्थ आणखी कागद किंवा आणखी तपासणी हवी, इतकाच असतो. मागितलेले कागद एकदाच, पूर्ण आणि मागितल्या क्रमाने द्यावेत. रोज ई-मेल पाठवल्याने काम पुढे सरकत नाही.

आमच्या मुलीची सूट अखेर मंजूर झाली आणि ती गेली. अमेरिकेत प्रवेश करताना लग्नाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारे ग्रीन कार्ड दोनच वर्षांचे असते आणि ते संपण्याच्या आधीच्या नव्वद दिवसांत आय-७५१ हा कार्डाची अट काढण्याचा अर्ज भरावा लागतो. तिच्या बाबतीत इतकी वर्षे गेली होती की तो प्रश्नच उरला नाही. पण तिच्यामागून गेलेल्या दोघींना मी कार्ड आले त्याच दिवशी ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावली, आणि इथे माझ्या भिंतीवरच्या कालनिर्णयावरही लिहून ठेवली आहे.