पेटंटचा दावा कोडशेजारी ठेवून कसा वाचावा

विश्रामबागेत मी जुन्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करून देते. प्रोजेक्टसाठी येणारी सांगलीतली मुलं अधूनमधून एखादं पेटंट दाखवतात, "ताई, आपल्या एन्कोडरमध्ये हेच आहे, आपण अडकणार का?" एन्कोडर म्हणजे व्हिडिओ कमी जागेत बसवणारा प्रोग्रॅम. पेटंटचं नाव आणि सारांश वाचूनच ती घाबरलेली असतात. पण हक्क किती, हे ठरतं पेटंटमधल्या क्रमांक घातलेल्या दाव्यांवरून (नेमकं काय आपलं, हे सांगणारी वाक्यं). थेट तिथे जा.

त्याआधी, ही पेटंटं ज्याबद्दल असतात ती पद्धत समजून घ्या. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीतल्या कॅसेटची एक फ्रेम म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या अंतराने टिपलेली दोन फील्ड, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम. विसर्जनाच्या मिरवणुकीतलं लेझीम पॉज करून बघा, हलत्या हातांना कंगव्यासारखे दात दिसतात. एमपेग-२ या व्हिडिओच्या स्टँडर्डमध्ये १६×१६ पिक्सेलच्या प्रत्येक मॅक्रोब्लॉकच्या (चित्राच्या चौकोनी तुकड्याच्या) ओळी आहेत तशा ठेवता येतात किंवा फील्डनुसार वेगळ्या करता येतात. कधी काय करायचं, हे स्टँडर्ड सांगत नाही. ते एन्कोडर लिहिणाऱ्याने ठरवायचं. पेटंटं निघतात ती या निवडीच्या युक्तीवर.

आता कागदाचे दोन रकाने करा. डावीकडे पहिल्या स्वतंत्र (दुसऱ्या दाव्यावर न टेकलेल्या) दाव्याचे तुकडे, उजवीकडे कोडच्या ओळी. समजा दावा म्हणतो: प्रत्येक ब्लॉकसाठी शेजारच्या ओळींमधला फरक मोजायचा, एकाच फील्डच्या ओळींमधलाही मोजायचा, मग दोन्हींची तुलना करायची. एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ प्रोग्रॅमचा कोड उघडा. तो आधी पहिला फरक मोजतो, त्यातून ४०० वजा करतो आणि उरलेला आकडा शून्याच्या वर असेल तरच दुसरा मोजतो. म्हणजे "प्रत्येक ब्लॉकसाठी" या शब्दांसमोर उजवा रकाना रिकामा राहतो. दाव्यातला एक तुकडा जरी नसला, तरी शब्दशः उल्लंघन होत नाही. (जवळपास तेच काम वेगळ्या तऱ्हेने होतंय का, हेही काही देशांतली न्यायालयं बघतात, तो प्रश्न वकिलाचा.) मला सगळ्यात मोलाचं काम हेच वाटतं, आणि नेमकं हेच लोक टाळतात.

मग तारखा. मुदत साधारणपणे अर्जापासून २० वर्षं, आणि पेटंट ज्या देशाचं त्याच देशात चालतं. एमपेग-२ पूलमधली (एकत्र परवाना देण्यासाठी गोळा केलेल्यांतली) अमेरिकेतली शेवटची पेटंटं २०१८ मध्ये संपली. पण पूलबाहेरचं पेटंट स्वतंत्रपणे तपासावं लागतं. प्राधान्य तारखेआधी (बहुधा पहिल्या अर्जाच्या तारखेआधी) तीच युक्ती छापून आली होती का, तेही शोधा; आली असेल तर ती नवी ठरत नाही. एमपेगचं १९९३ चं टेस्ट मॉडेल ५ (नमुना एन्कोडरचं वर्णन) आधी चाळा.

भारतात १९७० च्या कायद्याचं कलम ३(के) निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाकारतं. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका, तांत्रिक परिणाम दाखवून मांडलेले दावे मंजूर होतात. मंजुरीआधी कलम २५(१) खाली कुणालाही हरकत घेता येते. अर्ज पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट शोधता येतात.

नोटीस आलीच तर फोनवर काही कबूल करू नका. दोन रकान्यांचा कागद, कोडची नेमकी आवृत्ती आणि तारखा घेऊन पेटंटच्या वकिलाकडे जा.