मदतनिधीची मैफल: होकार देण्याआधी आणि दिल्यानंतर

विशारद झालेल्या, चार-दोन कार्यक्रम केलेल्या गायक-वादकाला मराठवाड्यात पहिला फोन बहुधा बिनमानधनाच्या कार्यक्रमाचा येतो. कुणाच्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन असतं, कुठे ऊसतोड कामगारांच्या मुलांचं वसतिगृह, कुठे अतिवृष्टीत घर गेलेली कुटुंबं. कारण खरं असतं, मागणारा ओळखीचा असतो, त्यामुळे नाही म्हणवत नाही.

म्हणायचंही नाही. पण तुम्ही दान करू शकता ते तुमचं मानधन. तबलजीचं, संवादिनीवाल्याचं, पखवाजवाल्याचं मानधन तुमच्या मालकीचं नाही. शिकवण्या आणि साथ यांवर घर चालवणारा माणूस गायकाने आधीच शब्द दिलाय म्हटल्यावर तोंडावर नकार देत नाही आणि पदरमोड करून येतो. त्याला फोनवर, एकट्याला विचारा. आयोजकांसमोर विचारू नका. त्याने मानधन सांगितलं तर ते खर्चात धरायचं, त्यावर कुजबुज करायची नाही.

फोनवर "हो" म्हणा, पण लगेच लिहून पाठवा. मजकूर साधा असावा:

"सर, नमस्कार. १४ तारखेच्या कार्यक्रमाला मी विनामानधन येईन. तीन साथीदारांचं मानधन आणि सगळ्यांचा प्रवासखर्च संस्थेकडे राहील. निधी कोणत्या खात्यात जमा होणार ते आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक कळवावा. कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत जमा-खर्चाची प्रत मिळावी."

एवढ्यावर जो आयोजक रागावतो, त्याच्या कार्यक्रमाला न गेलेलं बरं. बहुतेक जण रागावत नाहीत, उलट त्यांनाही तेव्हाच आठवतं की खातं कुणाचं हे ठरलेलंच नाही.

खातं संस्थेच्या नावाचं हवं, अध्यक्षांच्या नावाचं नको. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल तर प्रश्न मिटतो. नुसतं तात्पुरतं मंडळ असेल, तर गणेश मंडळं वर्गणीसाठी घेतात तशी धर्मादाय आयुक्तांकडची कलम ४१ क ची (लोकांकडून निधी गोळा करण्याची) परवानगी घेतली का, ते विचारा. पैसा एकाच रुग्णासाठी असेल तर रुग्णालयाच्या खात्यात रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर भरणं सगळ्यात सुटसुटीत. त्याआधी आणखी एक चौकशी करायला लावा. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना वेगळीच. अर्धा खर्च तिथेच सुटला तर मैफलीचं उद्दिष्ट बदलतं आणि देणगीदारांना खरा आकडा सांगता येतो.

कागद आधी का, याचं मोठं उदाहरण संगीतातलंच आहे. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सतारवादक पंडित रविशंकर आणि बीटल्समधले जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी एका दिवसात दोन प्रयोग केले. कलाकारांनी मानधन घेतलं नाही. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला गेले. ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचा पैसा मात्र अमेरिकेच्या कर खात्यात वर्षानुवर्षं अडकला, कारण करसवलतीची व्यवस्था कार्यक्रमाआधी कागदावर झालेली नव्हती.

करावरून नवोदितांचा एक गैरसमजही असतो. फुकट गायलात म्हणजे तेवढ्या रकमेची ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मिळेल, असं नाही. ती सवलत पैशाच्या देणगीला आहे, सेवेला नाही. आणि रोख २००० रुपयांच्या वर दिलेली देणगीही त्यात बसत नाही, हे निवेदकाला मंचावरून सांगायला सांगा. मोठी रक्कम मग धनादेशाने किंवा यूपीआयने येते.

आता खर्च. समजा सभागृहाचं भाडं १२ हजार, ध्वनिव्यवस्था १५, प्रकाश आणि मंच ६, तीन साथीदारांचे १२, प्रवास ९, जेवण ५, छपाई आणि परवाने ६. झाले ६५ हजार. ३०० रुपयांच्या २०० देणगी प्रवेशिका खपल्या तर येतात ६०. म्हणजे हॉल निम्मा भरला, टाळ्या पडल्या आणि रुग्णाच्या हाती काहीच नाही, उलट पाच हजार अंगावर. म्हणून खर्चाची रक्कम प्रायोजकांकडून आधी उभी राहावी, प्रवेशिकांचा प्रत्येक रुपया निधीत जावा. सन्मानिकांवरही, म्हणजे फुकट वाटायच्या प्रवेशिकांवरही, मर्यादा घाला. पुढच्या चार रांगा सन्मानिकांच्या आणि त्यातल्या निम्म्या रिकाम्या, हे चित्र आपल्याकडे नवीन नाही. प्रवेशिका ५०० रुपयांपर्यंत ठेवली की प्रवेशावर जीएसटीचा प्रश्न येत नाही.

तारीख शेतीकडे बघून धरावी. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नतिथी. त्या तिथींना साउंडवाला मिळत नाही आणि मिळाला तर दुप्पट मागतो. सोयाबीन विकून हातात पैसा खेळतो ते नोव्हेंबर-डिसेंबर त्यातल्या त्यात चांगले.

गाण्यांच्या हक्कांबद्दल सगळ्यात जास्त घोळ होतो. "मदतीचा कार्यक्रम आहे, परवाना कशाला?" हे सर्रास ऐकू येतं. कॉपीराइट कायद्यातली सूट हौशी मंडळाने पैसे न घेता श्रोत्यांसमोर केलेल्या किंवा धार्मिक संस्थेच्या लाभासाठीच्या सादरीकरणाला आहे. प्रवेशिका विकून रुग्णनिधी उभारणारी मैफल तिच्यात आपोआप बसत नाही. आयोजकांनी गीत-संगीताच्या परवान्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे परवाने देणाऱ्या संस्थेकडे विचारणा करावी. ध्वनिमुद्रित ट्रॅकवर गाणार असाल तर ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा.

आपल्याकडे यातून एक चांगली वाट निघते. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण शब्द संतांचे असले तरी चाल कुणाची, हे बघायचं. चाल एखाद्या संगीतकाराची असेल तर त्याच्या निधनानंतर ६० वर्षं तिच्यावर हक्क राहतो. वारीतली, भजनी मंडळातली पारंपरिक चाल घ्या किंवा स्वतः बांधा. स्वतःची चाल बांधून म्हटलेली गवळण किंवा भारूड नवोदिताची ओळखही करून देतं. चित्रपटगीताची नक्कल कितीही बेमालूम असली तरी तेवढी लक्षात राहत नाही.

वेळेचं गणित असं. पत्रिकेवर सहा, दीपप्रज्वलन सातला, मग पाहुण्यांची भाषणं, शाल-श्रीफळ, आणि गाणं पावणेआठला. मैदानावर कार्यक्रम असेल तर रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. परवानगी घेतलेले ठरावीक दिवस सोडले तर त्यातून सुटका नाही. दोन तासांची तयारी असली तर सव्वातासाची दुसरी यादी खिशात ठेवा, आणि सत्कार मध्यंतरानंतर घ्या असं आधीच सुचवा. बंद सभागृहाला हा दहाचा नियम तसा लागत नाही, पण तिथला व्यवस्थापक किल्ली घेऊन उभा असतो.

वाद्यांचं सांगायचं तर, मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ताणली जाते आणि तबल्याचा सूर चढतो. पावसाळी हवेत उतरतो. बाहेर ४१ अंश आणि आत वातानुकूलन असेल तर वाद्यं किमान अर्धा तास आधी मंचावर खोळ काढून ठेवा, मगच मिळवा. गायकाची पट्टी काळी एक आणि गायिकेची काळी चार असेल तर एका तबल्यावर भागत नाही. पहिल्याला साडेपाच इंचांच्या आसपासचं तोंड, दुसरीला सहा-सव्वासहाचं. मध्येच हातोडीने ओढत बसलात की वादी तुटते आणि श्रोतेही निसटतात.

साउंडवाल्याला यादी आदल्या दिवशी पाठवा: गायनाला एक माइक, तबला-डग्ग्याला दोन, संवादिनीला एक, निवेदकाला एक, मॉनिटर दोन. मॉनिटर माइकच्या पाठीकडे हवा, तोंडाकडे आला की शिट्टी वाजणारच. जनरेटरवर असाल तर दिवे आणि ध्वनी वेगळ्या फेजवर घ्यायला सांगा, नाहीतर तानपुऱ्याच्या खाली घूं असा आवाज मैफलभर चालू राहतो.

देणगीचं आवाहन मध्यंतराच्या जरा आधी, चांगलं जमलेलं गाणं संपल्यावर. पाच मिनिटं पुरतात. शेवटी ठेवलं तर लोक चपला शोधत असतात. मंचामागच्या फलकावरचा क्यूआर कोड मागच्या रांगेतून स्कॅन होत नाही, तो छोट्या कागदावर छापून खुर्चीवर ठेवा. सभागृहाच्या आत नेटवर्क बऱ्याचदा नसतं, म्हणून दारापाशी टेबल, त्यावर पावतीपुस्तक आणि मोहोरबंद पेटी. दुपारी एक रुपया पाठवून समोर नाव कुणाचं येतं ते बघून घ्या. व्यक्तीचं नाव आलं की देणारा थबकतो.

पेटी त्याच रात्री तिघांसमोर उघडायची, नोटा मूल्यवार लिहायच्या, तिघांच्या सह्या, आणि रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत. कलाकाराने मोजणीला बसू नये, पण त्या कागदाचा फोटो मागून घ्यावा. पंधरा दिवसांनी हिशेब आला नाही तर एकदा आठवण करा. तरीही आला नाही तर पुढच्या वर्षी त्या नंबरावरून फोन आल्यावर तारीख रिकामी नसते.

वर्षाला अशा किती मैफली करायच्या ते जानेवारीतच ठरवा. तीन पुष्कळ झाल्या. "तुमची ओळख होईल" हे आमिष असतं. ओळख होते, पण फुकट येणारा म्हणूनही होते. म्हणून पत्रिकेत आणि निवेदनात "मानधन निधीस अर्पण" असं स्पष्ट लिहून घ्या. चित्रीकरण होणार असेल तर ते कुठे, किती दिवस दिसणार हेही त्याच संदेशात विचारा, कारण वर्षभराने तीच चित्रफीत दुसऱ्याच कुठल्या तरी देणगीच्या आवाहनाखाली फिरताना सापडते.