मासिकाचा प्रकाशक बदलतोय? मग हे आधी उरकून घ्या

आपली ती बारकी प्रोग्रामिंग मासिकं, म्हणजे ज्यांचे मुंबईतले सगळे वाचक विरार लोकलच्या एका डब्यात आरामात बसतील अशी, त्यांचा प्रकाशक बदलला की एक गोड मेल येतो की वाचकांसाठी काहीच बदलणार नाही. विश्वास ठेवा, पण तयारी करून. लिनक्स जर्नल हे अमेरिकन मासिक 2017 च्या शेवटी बंद झालं, 2018 ला नव्या पैशावर सुरू झालं, ऑगस्ट 2019 ला परत बंद, आणि 2020 ला स्लॅशडॉट मीडिया या कंपनीने घेतलं. बाइट हे जुनं कॉम्प्युटर मासिक तर 1998 मध्ये सीएमपी या प्रकाशन कंपनीकडे गेलं आणि त्याच वर्षी जुलैच्या अंकावर छपाई थांबली.

सगळ्यात आधी जुने अंक. तुमचं लॉगिन जुन्या प्रकाशकाच्या सर्वरवर असतं, तो कधी बंद होईल ते कोणी सांगत नाही, त्यामुळे सगळ्या पीडीएफ आजच उतरवून घ्या. लेखांसोबतचा कोड गिटवर (कोडचे सगळे बदल सांभाळणारं टूल) असेल तर क्लोन, म्हणजे पूर्ण कॉपी, करताना मिरर ऑप्शन (--mirror) लावा म्हणजे सगळ्या ब्रँच आणि टॅग, म्हणजे कोडच्या वेगवेगळ्या आवृत्त्या, येतात, फक्त रिलीजमधल्या झिप फाइल आणि इश्यूंमधली, म्हणजे तिथे नोंदवलेल्या तक्रारींवरची, चर्चा त्यात येत नाही, आणि खरे बग बहुतेक त्या चर्चेतच सुटलेले असतात, तर ते वेगळं सेव्ह करा. छापील अंक रद्दीत देऊ नका. मधला एखादा हरवला असेल तर मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे किंवा माटुंग्याला किंग्ज सर्कलला चक्कर मारा, मिळाला तर नशीब.

मग वर्गणी. पावती आणि संपायची तारीख यांचा स्क्रीनशॉट काढा आणि जुन्या-नव्या दोघांना एकच मेल टाका: उरलेले अंक कोण पाठवणार, छापील की पीडीएफ? फोनवर नको, लेखी उत्तर घ्या. ऑटोपे (दर वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी) लावलेला असेल तर तो जुन्या कंपनीच्या नावावर आहे हे विसरू नका, यूपीआय ॲपमध्ये किंवा बँकेच्या ई-मँडेटच्या पानावर जाऊन रद्द करा, पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज येतो पण तो आपण वाचतो कुठे.

आता ज्यांनी मासिकात लिहिलंय त्यांच्यासाठी, इथे नीट लक्ष द्या. भारतातला 1957 चा कॉपीराइट कायदा, कलम 19: हक्क द्यायचे तर तुमच्या सहीचा लेखी करार लागतो. तुम्ही पगारी नसाल आणि फक्त "लेख पाठवा, छापतो" एवढ्यावर काम झालं असेल तर कॉपीराइट तुमच्याकडेच आहे, जुना प्रकाशक तो विकू शकत नाही. करार आहे पण मुदत लिहिलेली नाही? मग 5 वर्षं. प्रदेश लिहिलेला नाही? मग फक्त भारत. तेव्हा करार शोधून काढा, आणि नव्या प्रकाशकाला आधीच विचारा की तुमचा लेख पुस्तकात घेताना किंवा एआय कंपनीला देताना परवानगी घेणार का. मानधन थकलं असेल तर हस्तांतराआधी जुन्याकडूनच मागा, नंतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात.

संपादक मंडळी, नाव तेच असेल तर आयएसएसएन (मासिकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) तोच राहतो, उगाच नवीन मागू नका. भारतातली नोंदणी मात्र 1 मार्च 2024 पासून नव्या कायद्याखाली सरकारच्या प्रेस सेवा पोर्टलवर आहे, मालकबदल तिथे दाखवावा लागतो.

नवा पहिला अंक आला की लेखांआधी मालक-मुद्रक-प्रकाशकाची ओळ बघा, पुढची तक्रार त्याच पत्त्यावर जाणार. आणि तीन वर्षांची भारी डिस्काउंटवाली ऑफर येईलच, तूर्तास एका वर्षाचीच भरा.