एनएफएसवर फाइल लिहिताना वेग मंदावतो तेव्हा या चुका टाळा

एनएफएस म्हणजे दुसऱ्या यंत्रावरील (सर्व्हरवरील) फाइली नेटवर्कवरून आपल्या यंत्रावर (क्लायंटवर) वापरू देणारी व्यवस्था. तिच्यावरून फाइल वाचताना वेग चांगला मिळतो, पण लिहायला घेतले की तो कोसळतो, ही तक्रार लिनक्स, फ्रीबीएसडी किंवा अन्य युनिक्ससदृश प्रणाली सांभाळणाऱ्यांना नवी नाही. तक्रार येताच पहिला संशय नेटवर्कवर घेतला जातो आणि केबल, स्विच, बफर यांची अदलाबदल सुरू होते. म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. वाचन वेगाने होत असताना केवळ लेखन रेंगाळत असेल, तर आधी विचारण्याचा प्रश्न असा, की मजकूर डिस्कवर पक्का उतरल्याची ग्वाही सर्व्हर केव्हा देतो आणि त्या ग्वाहीसाठी क्लायंटला किती वेळा थांबावे लागते.

चुकीचे मोजमाप

‘डीडी’ ही मजकूर उतरवणारी आज्ञा चालवून मिळालेला पहिला आकडा खरा मानणे ही सर्वांत मोठी चूक आहे. लेखन चालू असताना दिसणारा सुरुवातीचा वेग बहुधा क्लायंटच्या स्मृतीचा असतो. लिनक्समध्ये ‘डर्टी रेशो’ची, म्हणजे डिस्कवर न उतरलेला मजकूर स्मृतीचा किती भाग व्यापू शकतो याची, मूळ मर्यादा २० टक्के असल्यामुळे भरपूर रॅम असलेल्या यंत्रावर बराच मजकूर आधी स्मृतीत साठतो आणि मर्यादा गाठली गेली की लिहिणारा प्रोग्रॅम अडखळतो. ‘आधी वेगात चालले, मग अचानक थांबले’ या वर्णनामागे पुष्कळदा एवढेच कारण असते. म्हणून शेवटी मजकूर डिस्कवर उतरेपर्यंत थांबणारा ‘कॉन्व्ह=एफडेटासिंक’ हा पर्याय देऊन, पुरेशा मोठ्या फाइलवर मोजावे. याउलट प्रत्येक ब्लॉकनंतर तसे थांबणारा ‘ओफ्लॅग=डीसिंक’ आणि लहान ब्लॉक वापरून आलेला आकडा हा प्रत्येक खेपेच्या विलंबाचा असतो; तो एकूण वेग म्हणून सांगणे तितकेच दिशाभूल करणारे आहे. सर्व्हरवर कॉम्प्रेशन चालू असेल, तर ‘/डेव्ह/झीरो’तून आलेली शून्ये जवळजवळ जागाच घेत नाहीत, त्यामुळे तशी चाचणी निरर्थक ठरते.

हीच चाचणी सर्व्हरवर, त्याच डिस्कवर, थेट करून पाहावी. तिथेही वेग तेवढाच कमी आला, तर एनएफएसचा दोष शोधण्यात वेळ घालवण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर क्लायंटवर ‘एनएफएसआयओस्टॅट’ ही एनएफएसची आकडेवारी देणारी आज्ञा चालवून लेखनाच्या ओळीतील दोन सरासरी वेळा ताडून पाहाव्यात: आरटीटी, म्हणजे विनंती पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ, आणि एक्झी, म्हणजे रांगेतील वाट पाहण्यासह लागलेला एकूण वेळ. आरटीटी मोठा असेल, तर विलंब सर्व्हरकडे किंवा वाटेत आहे. आरटीटी लहान आणि एक्झी मोठा असेल, तर विनंत्या क्लायंटच्याच रांगेत खोळंबल्या आहेत. एवढ्या एका निरीक्षणाने शोधाचे क्षेत्र निम्मे होते, तरीही ते फार थोडे लोक करतात.

सिंक आणि एसिंक यांचा घोळ

‘सिंक’ म्हणजे लेखन पक्के होईपर्यंत थांबणे आणि ‘एसिंक’ म्हणजे न थांबणे. ‘सिंक’ हा शब्द सर्व्हर आणि क्लायंट अशा दोन ठिकाणी येतो आणि दोन्हीकडे त्याचा परिणाम वेगळा आहे. एनएफएसच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येक लेखन डिस्कवर पक्के झाल्याशिवाय सर्व्हरने उत्तर देऊ नये, असा नियम होता. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने कच्चे लेखन आणि नंतरचा ‘कमिट’, म्हणजे ते डिस्कवर पक्के करण्याची विनंती, अशी सोय केली. त्यामुळे कोणत्या डिरेक्टरी कशा वाटायच्या हे ठरवणाऱ्या सर्व्हरच्या ‘एक्सपोर्ट्स’ फाइलमधील ‘सिंक’ आज तितका जाचक नाही, कारण क्लायंट अनेक लेखने पाठवून शेवटी एकदाच ‘कमिट’ मागू शकतो. क्लायंटवर माउंट करताना, म्हणजे सर्व्हरची डिरेक्टरी जोडून घेताना, दिलेला ‘सिंक’ मात्र ही सोयच काढून घेतो आणि प्रत्येक लेखनासाठी सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहायला लावतो. ‘नोएसी’ हा पर्याय अनेक जण केवळ फाइलची ताजी माहिती दिसावी म्हणून लावतात. त्यानेही लेखन सिंक होते, हे त्यांच्या ध्यानी येत नाही.

‘एक्सपोर्ट्स’मध्ये ‘एसिंक’ लिहिले की वेग वाढतो, हे खरे आहे. पण तेव्हा सर्व्हर मजकूर डिस्कवर न उतरवताच ‘झाले’ म्हणून सांगतो. त्याच क्षणी वीज गेली, तर क्लायंटने आपली प्रत आधीच सोडून दिलेली असते आणि मजकूर कोणतीही सूचना न देता नाहीसा होतो. झेडएफएस या फाइल प्रणालीवर ‘सिंक=डिसेबल्ड’ करणे हा याच धोक्याचा दुसरा मार्ग होय. माझ्या मते एसिंकचा उपयोग निदानापुरताच करावा: चाचणीच्या डिरेक्टरीवर तो थोडा वेळ लावावा आणि वेग उसळला, तर अडचण डिस्कच्या पक्केपणात आहे, असे समजावे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा एकामागून एक येणाऱ्या कमिटची संख्या सेकंदाला शे-सव्वाशेच्या आसपासच अडकते. यावर खरा उपाय म्हणजे वीज गेली तरी मजकूर राखणारी एसएसडी, झेडएफएससाठी स्वतंत्र लॉग डिस्क किंवा बॅटरी असलेला रेड कंट्रोलर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारे कार्ड. कंट्रोलरची बॅटरी निकामी झाली, तर तो सहसा मुकाट्याने राइट-थ्रूवर येतो, म्हणजे प्रत्येक लेखन थेट डिस्कवर उतरेपर्यंत थांबतो. ‘कालपर्यंत ठीक होते’ अशी तक्रार असेल, तर आधी तिकडे पाहावे.

जुन्या मार्गदर्शिकांतील आकडे

‘डब्ल्यूसाइझ’, म्हणजे एका लेखन-विनंतीचा कमाल आकार, ८१९२ किंवा ३२७६८ बाइट ठेवण्याचा जुना सल्ला अजूनही ‘एफएसटॅब’ या माउंटच्या यादीच्या फाइलमध्ये चिकटवला जातो. आजचा लिनक्स क्लायंट काहीही न सांगता दोन्ही बाजूंना झेपणारा मोठ्यात मोठा आकार, कमाल १ मेबिबाइटपर्यंत, स्वतः ठरवतो. जुना आकडा त्याला केवळ खाली ओढतो. प्रत्यक्ष लागू झालेली किंमत ‘एनएफएसस्टॅट -एम’मध्ये पाहावी. रीमाउंट केल्याने हा आकार बदलत नाही, त्यासाठी अनमाउंट करून पुन्हा माउंट करावे लागते. टीसीपीऐवजी यूडीपी हा नेटवर्क प्रोटोकॉल वापरण्याचा सल्लाही कालबाह्य आहे, लिनक्स ५.६ पासून तो मुळातच बंद असतो.

हजारो लहान फाइली

फाइल बंद करताना क्लायंट तिचा उरलेला मजकूर सर्व्हरकडे पोहोचवतो, कारण दुसऱ्या क्लायंटने ती उघडली की त्याला नवा मजकूर दिसावा, असा एनएफएसचा करार आहे. म्हणजे प्रत्येक फाइलमागे निर्मिती, लेखन, कमिट आणि बंद करणे अशा खेपा ठरलेल्या. एका फाइलला १२ मिलिसेकंद लागले, तर ४ किलोबाइटच्या १०,००० फाइलींना २ मिनिटे लागतील, आणि एकूण मजकूर मात्र अवघा ४० मेगाबाइट असेल. येथे वेगवान नेटवर्क घेऊन फरक पडत नाही. लिनक्स ५.३ मध्ये आलेला ‘एनकनेक्ट’ हा माउंटचा पर्याय सर्व्हरशी १६ पर्यंत जोडण्या उघडतो, पण एकामागून एक फाइल लिहिणाऱ्या एकाच प्रोग्रॅमला त्याचा फारसा लाभ नाही. काम अनेक प्रक्रियांत वाटावे किंवा सर्व फाइली एकत्र बांधलेली टार फाइल पाठवून ती सर्व्हरवरच उलगडावी.

नेटवर्कची तपासणी मात्र थोडक्यात उरकते. ‘आयपर्फ३’ हे वेग मोजणारे साधन क्लायंटकडून सर्व्हरकडे, म्हणजे लेखनाच्याच दिशेने चालवावे. १ गिगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास मिळायला हवेत; आकडा ११ जवळ अडकला, तर जोडणी १०० मेगाबिटवर ठरली आहे. एमटीयू, म्हणजे नेटवर्कवरील एका पाकिटाचा कमाल आकार, ९००० ठेवला असेल, तर तुकडे न करण्याच्या अटीवर ८९७२ बाइटचा पिंग पलीकडे पोहोचतो का, हे पाहावे.

सर्व्हर मंद आहे म्हणून ‘सॉफ्ट’ माउंट लावण्याचा मोह मात्र आवरावा. ठरलेल्या वेळेत उत्तर आले नाही, तर तो प्रोग्रॅमला त्रुटी देतो, आणि ती न तपासणारा प्रोग्रॅम अर्धवट फाइल मागे ठेवून पुढे जातो.